तारेतून येणारे खेळ : आपली तयारी किती?



गेल्या काही महिन्यांत वरच्या वर्गांतील मुले आणि त्यांचे पालक एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारत आहेत. मुलांचे म्हणणे असे की आता महागडे यंत्र घ्यायची गरज उरली नाही, महिन्याची वर्गणी भरली की मोठमोठे व्हिडिओ गेम थेट इंटरनेटवरून खेळता येतात. पालकांचा प्रश्न असा की ही वर्गणी भरावी का, आणि भरली तर हातात नेमके काय येते? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून या अंकात त्यांचे उत्तर जरा सविस्तर द्यायचे ठरवले आहे.

व्हिडिओ गेम चांगले की वाईट, दिवसातून किती वेळ खेळावेत, हा या लेखाचा विषय नाही. त्यावर पालक सभेत आपण बोलतोच. येथे विषय एवढाच की 'गेम स्ट्रीमिंग' किंवा 'क्लाउड गेमिंग' या नावाची जी सेवा आता भारतातही आली आहे, तिच्यासाठी खेळणारा तयार आहे का. ही तयारी तीन प्रकारची असते : तारेची, पाकिटाची आणि समजुतीची. पहिल्या दोन तयाऱ्या पुष्कळ घरांत झाल्या आहेत किंवा होत आहेत. तिसरी मात्र अजून व्हायची आहे आणि मुलांचे व पालकांचे नुकसान झाले तर ते तिच्याच अभावी होईल.

ही सेवा आहे तरी काय?

व्हिडिओ गेम चालवणे म्हणजे पडद्यावरचे प्रत्येक चित्र त्या क्षणी काढणे. आजच्या खेळांत सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे काढावी लागतात. पुढचे चित्र कसे असेल हे खेळणाऱ्याने कोणते बटण दाबले त्यावर ठरते. एवढे काम भराभर करायला शक्तिशाली यंत्र लागते आणि ते स्वस्त नसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ५ भारतात आले, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. खेळ वेगळे विकत घ्यायचे, ते निराळेच.

स्ट्रीमिंगच्या सेवेत हे यंत्र आपल्या घरात नसते. ते कंपनीच्या इमारतीत, ज्याला डेटा सेंटर म्हणतात तेथे, शेकडो इतर यंत्रांबरोबर मांडलेले असते. आपल्या घरी फक्त पडदा आणि हातातला कंट्रोलर. आपण बटण दाबले की तो संदेश इंटरनेटवरून त्या यंत्राकडे जातो. यंत्र नवे चित्र काढते, ते चित्र दाबून लहान केले जाते आणि आपल्या पडद्याकडे परत पाठवले जाते. आपला फोन किंवा टीव्ही ते उलगडून दाखवतो. हे सगळे सेकंदाच्या एका लहानशा भागात व्हावे लागते आणि दर सेकंदाला ६० वेळा होत राहावे लागते. म्हणूनच पाच-सात वर्षे जुन्या लॅपटॉपवरही अगदी नवा खेळ दिसू शकतो. लॅपटॉपला खेळ चालवायचा नसतो, फक्त दाखवायचा असतो.

चित्रपट चालतो, मग खेळ का अडखळतो?

पालक विचारतात की आमच्याकडे मोबाइलवर चित्रपट आणि क्रिकेट सामने छान दिसतात, मग खेळच का अडखळावा? यासाठी आपल्या इंदूरचेच उदाहरण घेऊ. शहराच्या पुष्कळ भागांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, तरीही आपल्या स्वयंपाकघरातला नळ रोज चालतो, कारण गच्चीवर टाकी आहे. पाणी कधी जोरात आले, कधी बारीक आले, तरी टाकी भरलेली असेपर्यंत नळाला त्याचा पत्ता लागत नाही.

चित्रपटाचे असेच असते. तो आधीच पूर्ण तयार असल्यामुळे पुढचा अर्धा-एक मिनिट भाग आपल्या फोनमध्ये आधीच येऊन साठतो. मध्ये इंटरनेट थोडे मंदावले तरी साठ्यातून काम भागते. खेळाला मात्र अशी टाकी बसवता येत नाही. पुढचे चित्र आपण बटण दाबेपर्यंत अस्तित्वातच नसते, मग ते आधी आणून साठवणार कसे? येथे नळ थेट मुख्य वाहिनीला जोडलेला आहे. वाहिनीत जरा खोळंबा झाला की तो त्याच क्षणी हाताला जाणवतो. मुले यालाच 'लॅग' म्हणतात.

म्हणून चित्रपट नीट दिसतो यावरून खेळही नीट चालेल असे मानू नये. चित्रपटाला मुख्यतः एकूण वेग लागतो. खेळाला वेग लागतोच, शिवाय संदेश जाऊन येण्याचा वेळ कमी हवा आणि तो वेळ एकसारखा हवा. दहा वेळा पटकन आणि अकराव्या वेळी उशिरा, असे झाले तर खेळणाऱ्याला त्याचा अंदाज बांधता येत नाही.

अंतराचा हिशोब

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिसेकंद. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असतील तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. काचेच्या तंतूत, म्हणजे ऑप्टिकल फायबरमध्ये, तो मंदावून सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर.

आता समजा यंत्र मुंबईत आहे आणि खेळणारा इंदुरात. सरळ रेषेत अंतर सुमारे ५०० किलोमीटर, जाऊन-येऊन १,०००. प्रकाशाला त्यासाठी ५ मिलिसेकंद लागतात. हे काहीच नाही. पण यंत्र सिंगापूरला असेल तर जाऊन-येऊन सुमारे ८,००० किलोमीटर होतात आणि केवळ प्रवासातच ४० मिलिसेकंद जातात, म्हणजे दोन चित्रांहून अधिक वेळ. प्रत्यक्षात तार सरळ रेषेत जात नाही, वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर थोडा वेळ जातो, चित्र काढणे, दाबणे आणि उलगडणे यांचा वेळ निराळा. कितीही पैसे खर्च केले तरी प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही. म्हणून अशा कंपन्यांना ग्राहकांच्या जवळपास डेटा सेंटर उभारावी लागतात. या क्षेत्रातील एनव्हिडिया कंपनी आपल्या सेवेसाठी जाऊन-येऊन ८० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ आवश्यक मानते आणि ४० पेक्षा कमी असल्यास उत्तम असे सांगते.

हा उशीर सगळ्याच खेळांत सारखा नडत नाही. बुद्धिबळात किंवा पाळीपाळीने खेळायच्या खेळात तो कळतही नाही. क्रिकेटच्या खेळात चेंडू बॅटवर घेताना, मोटारींच्या शर्यतीत वळण घेताना किंवा दुसऱ्या खेळाडूशी आमनेसामने स्पर्धा करताना तो लगेच कळतो.

पालकांनी आणखी एक लक्षात घ्यावे. पुष्कळदा दोष बाहेरच्या तारेत नसतो, तो घरातल्या वायफायमध्ये असतो. राउटर एका खोलीत आणि खेळणारा दोन भिंतींपलीकडे, त्यातच घरातील चार फोन त्याच वायफायवर, अशा वेळी बाहेर फायबर असूनही खेळ अडखळतो. राउटरपासून केबलने थेट जोडणी केली तर फरक पडतो. ते जमत नसेल तर राउटरच्या खोलीतच बसून ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर पाहावे.

डेटाचा हिशोब

आता पाकिटाकडे येऊ. गूगलने स्टेडिया नावाची अशी सेवा चालवली होती, तिला कमीत कमी १० एमबीपीएस आणि सर्वांत स्पष्ट चित्रासाठी ३५ एमबीपीएस वेग लागत असे. येथे 'बी' म्हणजे बिट आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १० एमबीपीएसने एका तासात सुमारे साडेचार जीबी डेटा खर्च होतो आणि ३५ ने पावणेसोळा जीबी.

मोबाइलवर रोज २ जीबी मिळणारा रिचार्ज असेल तर १० एमबीपीएसच्या हिशोबाने तो २७ मिनिटांत संपेल. म्हणजे मोबाइल डेटावर ही सेवा चालवणे पुष्कळ घरांना परवडणार नाही. घरी फायबरचे कनेक्शन असेल तर डेटाची ही अडचण सहसा राहत नाही. तेव्हा महिन्याची वर्गणी अमुक इतकी आहे एवढे सांगून भागत नाही, तिच्यासाठी लागणारे इंटरनेट हाही खर्चच आहे.

गूगलच्या स्टेडियाची गोष्ट

तार तयार असेल, पाकीट तयार असेल, तर बाकी काय उरले? याचे उत्तर अमेरिका आणि युरोपमध्ये घडलेल्या एका प्रत्यक्ष घटनेतून मिळते.

मार्च २०१९ मध्ये गूगलने सॅन फ्रान्सिस्को येथे स्टेडियाची घोषणा केली. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी ती अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील देश मिळून १४ देशांत सुरू झाली. भारत त्यांत नव्हता. गूगलकडे पैसा होता, जगभर डेटा सेंटर होती, तज्ज्ञ होते. तंत्रही वाईट नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' हा बहुचर्चित खेळ आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की लोक पैसे परत मागत होते. चांगले इंटरनेट असलेल्यांना तोच खेळ स्टेडियावर त्याहून बरा खेळता आला.

तरीही ग्राहक पुरेसे आले नाहीत. स्टेडियावर ९.९९ डॉलरच्या मासिक वर्गणीत काही खेळ मिळत, पण बहुतेक नवे खेळ पूर्ण किंमत देऊन वेगळे विकत घ्यावे लागत. ते खेळ स्टेडियाबाहेर कोठेही चालत नसत. त्यांची ना डिस्क, ना स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतलेली प्रत. खेळणाऱ्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की उद्या ही सेवा बंद झाली तर पूर्ण किमतीला घेतलेल्या खेळाचे काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने स्वतःचे खेळ तयार करणारे स्टुडिओ बंद केले, तेव्हा ही शंका आणखी वाढली. शंका वाढली की ग्राहक येत नाहीत, ग्राहक आले नाहीत की सेवा टिकत नाही, असे ते चक्र होते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी गूगलने सेवा बंद करण्याची घोषणा केली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी ती बंद झाली.

गूगलने शेवटी एक चांगली गोष्ट केली. स्टेडियाच्या दुकानातून घेतलेल्या खेळांचे आणि गूगलच्या दुकानातून घेतलेल्या कंट्रोलर वगैरे साहित्याचे पैसे त्यांनी परत केले. मासिक वर्गणी मात्र परत मिळाली नाही. पैसे परत मिळाले तरी सगळेच परत मिळाले असे नव्हे. खेळात महिनोन्‌महिने घालवून केलेली प्रगती काही खेळांत दुसरीकडे नेता आली, काहींत ती तेथेच संपली.

याआधीचा अनुभव तर याहून कडू होता. २०१० साली अमेरिकेत ऑनलाइव्ह नावाची सेवा सुरू झाली होती. कल्पना तीच, काळ मात्र फार लवकरचा. ३० एप्रिल २०१५ रोजी ती बंद पडली आणि तिचे पेटंट सोनीने घेतले. त्या सेवेवर चालण्यासाठी पैसे भरून घेतलेले खेळ सेवेबरोबरच गेले. तेव्हा स्टेडियाच्या ग्राहकांना पैसे परत मिळाले, हा नियम समजू नये. तो एका धनवान कंपनीने घेतलेला निर्णय होता.

भाडे आणि मालकी

येथे आपण मूळ मुद्द्यावर येतो. भाड्याने वस्तू घेण्यात गैर काहीच नाही. लग्नात भांडी आणि मांडव आपण भाड्यानेच आणतो. पालकांपैकी अनेकांना आठवत असेल की एकेकाळी व्हीसीआर आणि कॅसेट एका रात्रीसाठी भाड्याने आणून सगळे घर चित्रपट पाहत असे. सकाळी कॅसेट परत जाई आणि कोणाची फसवणूक झाली असे वाटत नसे, कारण आणताना सगळ्यांना ठाऊक होते की हे भाडे आहे. अडचण तेव्हा येते जेव्हा दुकानदार 'विक्री' म्हणतो, किंमत विक्रीची घेतो आणि वस्तू मात्र भाड्याची असते.

हा प्रश्न केवळ स्ट्रीमिंगपुरता नाही. युबीसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ २०१४ मध्ये आला होता. तो घरच्या यंत्रावर चाले, पण त्याला कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना. त्यातून युरोपात ग्राहकांची मोठी मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या मागणीपत्रावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला, जो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल वस्तूच्या बाबतीत ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर ते स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' असे शब्द वापरता येणार नाहीत, असे तो कायदा सांगतो.

भाड्याची दुसरी बाजू म्हणजे भाडे वाढते. मायक्रोसॉफ्टची 'गेम पास अल्टिमेट' ही योजना २०१९ मध्ये अमेरिकेत महिना १४.९९ डॉलरला सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तीच २९.९९ डॉलर झाली, म्हणजे सहा वर्षांत दुप्पट. मधल्या काळात योजनेतले खेळही वाढले हे खरे, पण ज्याला दोन-तीनच खेळ खेळायचे आहेत त्याच्या दृष्टीने भाडे दुप्पट झाले. यात स्पर्धेचाही भाग येतो. मायक्रोसॉफ्टने सुमारे ६९ अब्ज डॉलरला ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी घ्यायचे ठरवले, तेव्हा ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये तो व्यवहार अडवला. क्लाउड गेमिंगचा बाजार एकाच कंपनीच्या हाती जाईल, ही त्यांची मुख्य हरकत होती. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरचे स्ट्रीमिंगचे हक्क १५ वर्षांसाठी दुसऱ्या कंपनीला देण्याचे ठरल्यावरच ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली.

एक तिसरा प्रकारही आहे. एनव्हिडियाच्या 'जीफोर्स नाऊ' या सेवेत कंपनी खेळ विकत नाही, फक्त यंत्र भाड्याने देते. खेळ आपण दुसऱ्या दुकानातून घेतलेला असतो आणि सेवा सोडली तरी त्या दुकानातील खात्यात तो राहतो. ही रचना ग्राहकाला जास्त सोयीची आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये सेवा सर्वांसाठी खुली झाल्यावर काही मोठ्या प्रकाशकांनी आपले खेळ तेथून काढून घेतले. पुढे कंपनीने महिन्याला १०० तासांची मर्यादाही घातली. विद्यार्थ्यांना १०० तास पुरेसे वाटले नाहीत, तर मात्र आपल्याला वेगळ्या विषयावर बोलावे लागेल!

मग याचा फायदा काही आहे की नाही?

आहे, आणि तो लहान नाही. ज्या घरात पन्नास हजारांचे यंत्र येणे शक्य नाही, त्या घरातील मुलाला सुटीत एखादा महिना वर्गणी भरून तोच खेळ खेळता येतो, जो श्रीमंत घरातील मुलगा खेळतो. सुटी संपली की वर्गणी बंद. यंत्र जुने होण्याची, बिघडण्याची चिंता नाही. खेळ आवडतो की नाही हे न कळता चार हजारांचा खेळ विकत घेण्यापेक्षा आधी भाड्याने खेळून पाहणे शहाणपणाचे आहे. पुस्तक विकत घेण्याआधी ग्रंथालयातून आणून वाचावे, तसेच हे आहे.

भारतातही आता हे दार उघडले आहे. जिओने २०२२ मध्ये चाचणी स्वरूपात अशी सेवा आणली, व्होडाफोन आयडियाने मार्च २०२४ मध्ये मोबाइलसाठी आणली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली सेवा भारतात सुरू केली. म्हणजे हा प्रश्न आता परदेशचा राहिलेला नाही, आपल्या घरातला झाला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा झाला. स्ट्रीमिंगची वर्गणी हा त्यातला प्रकार नाही. येथे आपण खेळण्याचे भाडे देतो, जिंकण्या-हरण्यावर पैसे लावत नाही. पालकांनी दोन्हींची गल्लत करू नये आणि मुलांनीही एकाच्या नावाखाली दुसरे मागू नये.

पालकांसाठी

पैसे भरण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. विनामूल्य किंवा एका महिन्याची चाचणी घ्यावी आणि ती रात्री ८ ते १० या वेळेत करावी. दुपारी सगळे नीट चालते. संध्याकाळी सगळी कॉलनी इंटरनेटवर असते, खरी परीक्षा तेव्हाच होते.

२. वर्षाची वर्गणी एकदम भरू नये. सवलत मोठी दिसते, पण सेवा आवडली नाही किंवा बदलली तर पैसे अडकतात.

३. वर्गणीव्यतिरिक्त खेळ विकत घ्यावा लागत असेल, तर विचारावे की सेवा सोडल्यावर हा खेळ दुसरीकडे चालेल का. उत्तर 'नाही' असेल तर ती किंमत भाड्याची समजावी, आणि भाडे म्हणून ती पटते का ते पाहावे.

४. मुलाची खेळातील प्रगती कोणत्या खात्यात साठते हे पाहावे. खेळाच्या स्वतंत्र खात्यात साठत असेल तर पुष्कळदा ती दुसरीकडे नेता येते.

५. वर्गणी दर महिन्याला आपोआप कापली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना येते. तो संदेश न वाचता पुसू नये. खाते आणि पासवर्ड पालकांकडे असावा.

विद्यार्थ्यांसाठी

मित्रांनो, तुम्ही आई-बाबांकडे वर्गणी मागाल तेव्हा हा हिशोब कागदावर मांडून दाखवा. घरचे इंटरनेट किती वेगाचे आहे, जाऊन-येऊन किती मिलिसेकंद लागतात (हे मोजणारी साधने विनामूल्य मिळतात, त्यांत त्याला 'पिंग' म्हणतात), तासाला किती जीबी जातील, महिन्यात किती तास खेळणार, तासाला किती रुपये पडले. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला हे सगळे गणित येते. ज्याने हा कागद केला, त्याची अर्धी तयारी झाली. उरलेली अर्धी म्हणजे स्वतःला एक प्रश्न विचारणे : उद्या ही सेवा बंद झाली, तर मला जे गमवावे लागेल ते गमवायची माझी तयारी आहे का?

विश्वस्तांसाठी

हा विषय केवळ खेळांचा वाटेल, पण त्याची सावली शाळेवरही पडते. शाळांपुढे आज ई-पुस्तके, अभ्यासाचे ॲप, गुणपत्रक आणि हजेरीची सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणीवर मांडली जातात. आपल्या ग्रंथालयात जुने ग्रंथ आजही कपाटात आहेत, कारण ते विकत घेतलेले किंवा दान मिळालेले आहेत. वर्गणीवर घेतलेले ई-पुस्तक वर्गणी थांबली की कपाटातून नाहीसे होते. म्हणून अशा प्रत्येक करारापूर्वी तीन प्रश्न विचारावेत अशी नम्र सूचना आहे : कंपनी बंद पडली तर काय उरेल, विद्यार्थ्यांची माहिती आपल्याला आपल्या ताब्यात परत मिळेल का, आणि पुढील वर्षी दर किती वाढू शकेल. उत्तरे लेखी घ्यावीत.

थोडक्यात सांगायचे तर फायबर गल्लीपर्यंत आले आहे, डेटा सेंटर जवळ येत आहेत, उशीर कमी होत आहे. यंत्रे तयार होत आहेत. खेळणाऱ्याने तयार व्हायचे म्हणजे एवढेच की भाड्याला भाडे म्हणायचे आणि भाड्याच्या वस्तूला मालकीची किंमत मोजायची नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपण जाणतोच. ते अंथरूण आपले आहे की भाड्याचे, हेही आता पाहायला हवे.

सर्व विद्यार्थ्यांना आगामी परीक्षेसाठी शुभेच्छा. परीक्षा झाल्यावर खेळा, मनसोक्त खेळा आणि हिशोबाने खेळा.

— मुख्याध्यापक